एकाच कावळ्याची परवानगी

आमच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण माझ्या भोंग्याचा आहे. भोंगा म्हणजे लांबची विमानं जवळ आणणारी माझी हातभर लेन्स. हे नाव नीलिमाने, म्हणजे माझ्या बायकोने, लेन्स घरात आली त्याच दिवशी ठेवलं आणि मला ते बदलता आलेलं नाही. पोटासाठी मी पुण्यात चष्म्याचं दुकान चालवतो आणि हौसेसाठी लढाऊ विमानांचे फोटो काढतो. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारणाऱ्या माणसाला एक फोटो मात्र वर्षानुवर्षं स्पष्ट मिळत नव्हता.

तो फोटो असा. हवाई कसरतींच्या शेवटी दोन विमानं समोरासमोरून सुसाट येतात आणि आता आदळणार असं वाटतं तेवढ्यात एकमेकांना छेदून जातात. दोघं अगदी एकमेकांशेजारी दिसतात तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. मी तो चार गावांत चार वेळा चुकवला आहे. पहिल्यांदा लेन्सवर झाकण होतं. दुसऱ्यांदा शिंक आली. तिसऱ्यांदा पुढचे काका टाळ्या वाजवायला उभे राहिले आणि चौथ्यांदा कार्ड भरलं, कारण त्याआधी मी उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचे नऊशे फोटो काढले होते.

"या वेळी चुकला तर भोंगा जाणार आणि त्या खणात गोधड्या येणार," नीलिमा मी बॅग भरत असताना म्हणाली. मी जोरात हो म्हणालो.

सप्तमी, अकोला

तिथी मला कळत नाहीत. ही सप्तमी होती हे मला संध्याकाळी कळलं आणि त्यानंतरच्या सगळ्या भानगडी तिथीवरूनच झाल्या, म्हणून मथळ्यात घातली आहे.

कसरती होत्या अमरावतीच्या नव्या विमानतळावर. मला गाडीचं तिकीट मिळालं ते अकोल्यापर्यंतच, पुढे एसटी. स्टेशनबाहेर कचोरी आणि तळलेली मिरची खायला थांबलो. कचोरीवाल्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट केलं.

"हे काय जी? दुर्बीण?"

"कॅमेऱ्याची लेन्स आहे. विमानांचे फोटो काढतो."

"लग्नाचे काहून नाही काढत?" त्याने मनापासून विचारलं. "विमान काई हसते का फोटोत?"

मी नुसती पिशवी सावरली. त्याला वाटलं माझी परिस्थिती बेताची असावी, म्हणून त्याने एक मिरची वर टाकली. ती मिरची मी आदराने खाल्ली आणि पुढची दहा मिनिटं डोळे पुसत उभा राहिलो.

पुण्यात मी वीस वर्षं एकाच बसने दुकानात जातोय आणि शेजारी बसणाऱ्या गृहस्थांचं आडनाव मला माहीत नाही. अकोल्याहून सुटलेल्या एसटीत बोरगाव मंजू यायच्या आत सगळ्या बसला माझं वय, माझी मुलं, भोंग्याची किंमत आणि नीलिमाची अट ठाऊक झाली होती. बसने एकमताने नीलिमाची बाजू घेतली. भोंगा मी शेजारच्या सीटवर ठेवला होता. कंडक्टर येऊन उभा राहिला.

"ह्याच्यात काय हाय?"

"काच आहे."

"मंग मांडीवर घ्या. मूर्तिजापूरच्या पुढं गाडी उडते."

"उडते म्हणजे?"

"विमानं पाहाले चालले ना तुमी? मंग सराव करून घ्या."

बडनेऱ्यापर्यंत मी भोंग्याला पोटाशी धरून बसलो. समोरच्या बाईंनी "कित्त्या महिन्याचं हाय?" असं विचारलं आणि अख्खी बस खिदळली. मीही हसलो, नाही हसलो असतो तर बडनेऱ्याला उतरू दिलं नसतं.

सप्तमीची संध्याकाळ, अमरावती

हवाई कसरतींत सगळा खेळ उन्हाचा असतो. ऊन पाठीशी हवं. प्रेक्षकांचे मांडव धावपट्टीच्या उत्तरेला होते, म्हणजे ऊन थेट तोंडावर. मी महिनाभर नकाशे चाळून दक्षिणेच्या एका गावातली, कुंपणापासून बऱ्यापैकी लांबची, एक सपाट गच्ची हेरली होती. पुण्यातल्या एका फुलांच्या व्यापाऱ्याने सांगितलं की ती गच्ची गजाननभाऊंची. झेंडू आणि शेवंतीची शेती करतात, माणूस सोन्यासारखा आहे. मी फोन केला तेव्हा गजाननभाऊंनी एकच प्रश्न विचारला होता, "तिखट खाता ना?"

बडनेऱ्याला ते मोटरसायकल घेऊन आले. पन्नाशीचे, सावळे, हसताना डोळे पूर्ण मिटणारे. आधी अमरावतीच्या फुलबाजारात त्यांचं काम होतं. ते होईपर्यंत मला गिला वडा खाऊ घातला. दह्यात पोहणारा वडा आहे म्हणून मी निर्धास्त होतो. त्या दह्याखाली काय लपलं होतं ते माझ्या कानांना आधी कळलं. दोन्ही कान गरम झाले.

"वडा उद्याही हाय," गजाननभाऊ म्हणाले. "उद्या आमच्या बाबाचं पित्तर हाय ना. पहिलंच. गेले त्याले दीड वर्ष झालं. अष्टमीले बारा वाजता कावळ्याले घास, मंग आपलं जेवण."

म्हणजे उद्या पितृपक्षातली अष्टमी होती. कसरती अकराला सुरू, बारानंतर संपणार. मी मनात हिशोब केला: छेद साधारण सव्वाबाराला, जेवण त्यानंतर. सगळं जुळत होतं. इतकं जुळलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. घर विटांचं, वर स्लॅबची मोकळी गच्ची आणि चारही बाजूंना पिवळाधमक झेंडू. गजाननभाऊंच्या आईला सगळे माय म्हणत. बुटक्या, ताठ, कमरेला किल्ल्या. मी पाया पडलो तर त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि "लय वाळला हा," असा निकाल दिला. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा कर्णा वाजला.

"उद्या विमानाइचा कार्यक्रम हाय. कोणीही उघड्यावर अन्न, खरकटं टाकू नये. पक्षी जमतात, विमानाले धोका होते. पोलीस येऊन पाहीन."

कर्णा बंद झाला. सगळ्यांनी आत पाहिलं. स्वयंपाकघरात उडदाची डाळ भिजत घातलेली दिसत होती.

"मंग तुह्या बापानं जेवाचं कवा?" माय गजाननभाऊंना म्हणाल्या, जणू कर्ण्यातून मुलगाच बोलला होता.

मग मला सगळी गोष्ट कळली. इथे विमानतळ होणार हे ठरल्यापासून म्हाताऱ्याने, म्हणजे गजाननभाऊंच्या वडिलांनी, रोज सकाळी गच्चीवर बसायला सुरुवात केली होती. जन्मभर लोकांच्या लग्नाला, देवाला, पुढाऱ्याला हार करून विकले. पहिलं विमान उतरलं की स्वतःच्या हाताने त्याला हार घालणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. हाराची लांबी किती लागेल यावर पारावर वाद व्हायचे. पंखापासून पंखापर्यंत मापायचा की फक्त नाकाला, हे ठरलं नव्हतं. धावपट्टी झाली, दिवे लागले, आणि पहिलं विमान उतरायच्या थोडं आधी म्हातारा गेला.

"विमान पाहूनच जाईन म्हणत होता," माय म्हणाल्या. "मी म्हटलं, अजून येळ हाय, तुमी च्या घ्या. च्या घेतला अन् गेला."

हे सांगताना त्या हसत होत्या, आणि पदराने डोळेही पुसत होत्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

माय अचानक भोंग्याकडे वळल्या. "ह्याच्यातून कावळा दिसते का?"

मला उपयोगी पडायची फार घाई झाली होती. माझ्या कॅमेऱ्यात कशावर नेम धरायचा ते सांगता येतं. विमान म्हटलं की तो विमान शोधतो, पक्षी म्हटलं की पक्षी. मी विमान काढून पक्षी लावला आणि मायला गच्चीवर नेऊन नाल्याकडच्या बाभळीवरचे कावळे दाखवले. कॅमेरा एकेका कावळ्याच्या डोळ्यावर चौकोन काढत होता. माय खूष झाल्या. प्रत्येक कावळा त्यांनी नीट पाहिला आणि "हा नाही. हाही नाही," असं म्हणत सोडून दिला.

कॅमेरा मी तसाच पिशवीत ठेवला. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

अष्टमी, गच्ची

सकाळी दहाला वानखडे हवालदार आले. त्यांच्याकडे सात गच्च्यांचा बंदोबस्त होता आणि हातात एक पत्र्याचा डबा, पक्षी आले तर वाजवायला. आधी त्यांनी भोंगा तपासला. त्यातून स्वतःची मोटरसायकल पाहिली, तिचा मागचा दिवा फुटलेला आहे हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांचा मूड गेला.

"घास टाकाचा नाही," ते म्हणाले.

"बापाचं पहिलं पित्तर हाय, साहेब," गजाननभाऊ म्हणाले.

"माह्या बापाचं परवा हाय. मले समजते. पण डूटी हाय."

"विमानं तिकडं, धावपट्टीवर. कावळा इकडं, गच्चीवर. तो काई तिकडं फिराले जाणार हाय का?"

"कावळा कुठी जाईन हे कोण सांगावं?"

वाद अर्धा तास चालला. मध्ये वहिनींनी, म्हणजे गजाननभाऊंच्या पत्नीने, गरम वड्यांचा पहिला घाणा काढला आणि वास जिन्याने वर आला. हवालदारांनी दोनदा आवंढा गिळला. पित्तराचं जेवण कावळ्याआधी कुणालाच नाही, त्यांनाही नाही. शेवटी त्यांनी डबा खाली ठेवला.

"एक कावळा," ते म्हणाले. "एकच. दुसरा आला का मी डबा वाजवीन. अन् ताट लहान ठेवा."

माझ्या आयुष्यात मी अनेक सरकारी परवानग्या पाहिल्या आहेत, पण इतकी नेमकी पाहिली नव्हती.

अकराला सुरुवात झाली. हेलिकॉप्टरं आली, छत्रीवाले जवान तीन रंगांचे धूर सोडत उतरले, आणि मग एक लढाऊ विमान असं डोक्यावरून गेलं की गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उड्या मारू लागल्या. मी फोटो काढत होतो, ओरडत होतो. पन्नाशी जवळ आलेला माणूस इतका आनंदी दिसू नये, पण मी होतो. सगळे फोटो थोडे अस्पष्ट येत आहेत हे जाणवत होतं. मी त्याचा दोष उन्हाला, वाऱ्याला आणि कालच्या गिल्या वड्याला दिला.

बाराच्या ठोक्याला केळीच्या पानाच्या तुकड्यावर वडा, खीर, कढी, भाजी असं ठेवून माय कठड्यापाशी उभ्या राहिल्या. "या, घ्या," असं म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी बाभळीकडे पाहिलं.

बाभळीवर एकही कावळा नव्हता. नाल्यावर नव्हता, खांबावर नव्हता. त्या पहिल्या विमानाच्या आवाजाने पंचक्रोशीतले कावळे कुठे परागंदा झाले होते कोण जाणे.

"आता दुसऱ्या कावळ्याची चिंता मिटली," हवालदार म्हणाले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. कावळा येत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलं आहे, आणि मग ते पुरं करायचा शब्द द्यायचा, ही रीत सगळीकडेच आहे. गजाननभाऊंनी सुरुवात केली.

"बाबा, विहिरीची मोटर दुरुस्त करतो."

आभाळ रिकामं.

"बाबा, धाकल्या काकासंगं बोलतो. स्वतःहून बोलतो."

काही नाही. माय म्हणाल्या, "तुमच्या च्यात साखर कमी टाकत होती मी, डॉक्टरनं सांगतलं म्हणून. आता वाटीभर टाकीन."

वहिनी जिन्यातून ओरडल्या, की वड्यात ह्यावेळी मीठ बरोबर आहे. हवालदारांनी टोपी काढली आणि त्यांची म्हाताऱ्याशी ओळख नसतानाही, "काका, मी दिवा बसवून घेतो गाडीचा," असा शब्द दिला. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यांसाठी वाईटही वाटत होतं.

"आजोबा," मी म्हणालो, "मी भोंग्याची किंमत बायकोला निम्मीच सांगितली होती. तिला खरी सांगीन."

तरी कावळा नाही. मला जरा हायसंच वाटलं.

तेवढ्यात माय कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कसा येईन तो? तो विमानं पाहून राहिला असन! आपण ताट ठेवलं बाभळीकडं तोंड करून." त्यांनी पान उचललं आणि धावपट्टीच्या बाजूच्या कठड्यावर ठेवलं, माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईपासून दोन हातांवर. "पाहा अन् जेवा," त्या आभाळाला म्हणाल्या.

आणि लाउडस्पीकरवरून लांबून आवाज आला, की आता शेवटची कसरत.

डावीकडून एक ठिपका निघाला, उजवीकडून दुसरा. झाकण काढलेलं होतं. कार्ड रिकामं होतं. शिंक येत नव्हती. पुढे उभं राहायला काका नव्हते. ठिपके मोठे झाले, विमानं झाली, मी बटण दाबून धरलं, गच्चीवरचे सगळे वर पाहत एका सुरात ओरडले, काहीतरी काळं फडफडलं, आणि आवाज आमच्यावरून निघून गेला.

आम्ही खाली पाहिलं. पानावर वडा नव्हता.

"आला!" गजाननभाऊ ओरडले. "बाबा आले!"

"कोणी पाह्यलं?" मायनी विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. सगळे वर पाहत होते.

"खार असन," हवालदार म्हणाले. "माह्या डूटीत कावळा आला असता तं मले दिसला असता."

"खार वडा नेते का?" गजाननभाऊंनी विचारलं.

"मांजर नेते."

"मांजर खाली बांधून ठेवलं हाय, म्याऊ म्याऊ करून राहिलं!"

मायनी पानावरची वड्याची रिकामी जागा चाचपली. त्यांचा चेहरा पडला होता. वडा गेला, पण कोणाच्या पोटात गेला हे न कळणं हे न जाण्यापेक्षा वाईट होतं. पुढच्या वर्षापर्यंत ही शंका त्यांना छळणार हे मला दिसत होतं.

माझं तिकडे लक्ष होतं असं खोटं लिहिणार नाही. मी माझा पाचवा छेद पाहत होतो. दोन्ही विमानं चौकटीत होती, अगदी एकमेकांशेजारी, पोटाला पोट लावून. आणि दोन्ही इतकी अस्पष्ट, की माझ्या दुकानात सर्वात जाड भिंगं घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही मी असं दिसू दिलं नसतं. कारण त्या दोघांच्या बरोबर मधे, पंख पसरून, एकेक पीस मोजता येईल इतका लख्ख, एक कावळा होता. चोचीत वडा. कॅमेऱ्याने त्याच्या डोळ्यावर इमानदारीने चौकोन काढला होता. कालपासून तो पक्षीच शोधत होता बिचारा.

गेला भोंगा. गोधड्या आल्या. रडू येईल असं वाटलं, आणि मग मी मायकडे पाहिलं.

"माय," मी म्हणालो, "हे पाहा."

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. बोटाने आधी एका विमानाला शिवल्या, मग दुसऱ्याला, मग मधल्या कावळ्याला.

"हाच," त्या म्हणाल्या. "इकून विमान, तिकून विमान. पाहा कसा मधात बसला. बुढ्याले जवळूनच पाहाचं होतं."

गजाननभाऊंनी तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. हवालदारांनी फोटो नीट निरखला, कावळे मोजले आणि वहीत काहीतरी लिहिलं. "एकच हाय," ते म्हणाले. "परवानगीतला हाय."

मग आम्ही जेवलो. नऊ वडे मी मोजले, पुढचे मोजले नाहीत. पुण्यात आग्रह नको म्हटलं की संपतो. इथे नको म्हटलं की पानात काय कमी पडलं याची चौकशी सुरू होते, आणि चौकशीपेक्षा खाणं सोपं जातं.

अमावस्या, पुणे

घरी आल्यावर मी नीलिमाला खरं सांगितलं. सगळंच, भोंग्याची खरी किंमतही, कारण शब्द दिला होता. तिने फोटो पाहिला.

"विमानं कुठायत?"

"कावळ्यामागे."

तिने कॅमेरा परत माझ्या हातात दिला. मी सोमवारी एक मोठी प्रत काढून कुरिअरने गजाननभाऊंना पाठवली आणि भोंग्याची जाहिरात लिहायला बसलो. ती लिहून पुरी होत नव्हती.

शनिवारी सर्वपित्री अमावस्या होती. आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं, म्हणून नैवेद्य खिडकीच्या जाळीबाहेर ठेवतात. स्वयंपाक डब्यातून मागवलेला, त्यात कावळ्याच्या घासाची वेगळी छोटी डबी. नीलिमाने ती उघडून ठेवली. तासभर कावळा आला नाही. तिच्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली आहेत. तिने दोनदा हात पुसले, एकदा घड्याळ पाहिलं, आणि मग कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडून भोंगा माझ्या हातात दिला.

"पक्षीच लावलाय ना अजून?" तिने विचारलं.

मी खिडकीत भोंगा टेकवून समोरच्या इमारतीची टाकी न्याहाळत होतो तेव्हा गजाननभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. भिंतीवर माझा फोटो चौकटीत लावला होता. म्हाताऱ्याच्या फोटोशेजारी, त्यापेक्षा मोठा. दोन अस्पष्ट विमानं, मधे लख्ख कावळा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही विमानांच्या पंखांवरून खाली लोंबणारा घरच्या झेंडूचा जाड हार. मायनी स्वतः ओवला होता. शेवटी पंखापासून पंखापर्यंतच मापला होता.

नीलिमा माझ्या खांद्यावरून फोनमध्ये वाकली. "हार कोणाला घातलाय हो भाऊ? कावळ्याला की विमानांना?"

गजाननभाऊंनी मागे वळून विचारलं. माय काय म्हणाल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्या हसत होत्या.

"माय म्हणते," गजाननभाऊ म्हणाले, "हे बुढ्यालेच इचारा. हार त्यानंच घातला. मी फक्त ओवला."